खाणप्रदूषित नदीच्या शुद्धीकरणातील लोकसहभाग

खाणींतून आणि धातू गाळणाऱ्या भट्ट्यांतून नदीत उतरलेले विषारी धातू, आम्लपाणी व गाळ हटवण्याच्या कामात त्या नदीवर जगणाऱ्या लोकांचा वाटा, निर्णयापासून ते नंतरच्या देखरेखीपर्यंत, या संज्ञेत येतो. नदी स्वच्छ करायची म्हटले की काठचा कचरा उचलणे आणि झाडे लावणे डोळ्यांसमोर येते. खाणीच्या बाबतीत ही समजूत फसवी आहे. इथे घाण गाळाच्या कणाकणात असते, ती हाताने वेचता येत नाही. किती गाळ काढायचा, पाणी किती स्वच्छ झाले म्हणजे पुरे, पैसे कोणी भरायचे आणि काढलेला गाळ कोणाच्या शेजारी नेऊन टाकायचा, हे इथले खरे प्रश्न. शास्त्रज्ञ आकडे देऊ शकतात, पण ‘पुरे’ कशाला म्हणायचे हे एकट्या प्रयोगशाळेत ठरत नाही. ज्याला ते पाणी प्यायचे आहे त्याला त्यात मत असलेच पाहिजे.

प्रदूषण कसे होते : धातूंच्या अनेक खनिजांत गंधक असते. जमिनीच्या पोटात ते शांत पडून राहते. खाणीमुळे उघड्यावर आले की हवा, पाणी आणि काही जिवाणू यांच्यामुळे त्याचे गंधकाम्ल बनते, आणि हे आम्ल खडकातले तांबे, जस्त, कॅडमियम, आर्सेनिक विरघळवत प्रवाहात उतरते. लोह मात्र पाण्यातून सुटून दगडांवर नारिंगी साय धरते. खाणीखालचा ओढा लांबून ओळखू येतो तो त्या रंगावरून. दुसरा प्रकार अधिक चिवट. धातू काढून घेतल्यावर उरलेला बारीक चोथा (टेलिंग्ज) पुरात वाहून काठाच्या शेतांवर थराथराने बसतो. खाण बंद पडून पन्नास वर्षे झाली तरी तो तिथेच असतो, आणि दर पावसात थोडाथोडा नदीत परततो.

कायद्यातील स्थान : अमेरिकेत १९८० साली झालेला ‘सुपरफंड’ कायदा प्रदूषण करणाऱ्याकडून शुद्धीकरणाचा खर्च वसूल करतो. १९८६ च्या दुरुस्तीने त्यात लोकसहभागाचे स्वतंत्र कलम आले. प्रस्तावित योजना जाहीर करणे, हरकती व सूचनांसाठी किमान ३० दिवस देणे आणि महत्त्वाच्या हरकतींना लेखी उत्तर देणे पर्यावरण संरक्षण यंत्रणेला बंधनकारक झाले. योजना निवडण्याचे नऊ निकष आहेत. त्यांतला एक निकष समाजाची मान्यता हा. याच दुरुस्तीतली आणखी एक तरतूद कमी बोलली जाते, पण माझ्या मते तीच सर्वांत मोलाची : बाधित वस्तीतल्या गटाला स्वतःचा तज्ज्ञ नेमण्यासाठी ५०,००० डॉलरपर्यंत अनुदान. हजार पानांचा भूजल अहवाल समोर ठेवून ‘तुमचे मत सांगा’ म्हणणे म्हणजे न विचारण्यासारखेच. तो अहवाल आपल्या बाजूने वाचणारा माणूस मिळाला की प्रश्न बदलतात. युरोपात १९९८ च्या आऱ्हूस करारात पर्यावरणविषयक माहिती, निर्णयातील सहभाग आणि न्याय हे तीन हक्क एकत्र मांडले आहेत.

क्लार्क फोर्कचा अनुभव : मोंटाना राज्यातील ब्यूट येथे तांब्याच्या खाणी आणि जवळच ॲनाकोंडा येथे भट्ट्या होत्या. १९०८ च्या महापुराने तिथला चोथा उचलला आणि क्लार्क फोर्क नदीच्या खोऱ्यात सुमारे १९० किलोमीटरपर्यंत पसरवला. बराचसा गाळ खाली मिलटाऊनच्या धरणात अडकला. हे धरण त्याच साली नव्याने उभे राहिले होते. वरच्या काठांवर जिथे चोथा जाड बसला तिथे गवताची काडीही उगवत नाही असे ओसाड पट्टे पडले. कोरड्या उन्हाळ्यात या पट्ट्यांवर मोरचुदासारखी निळसर-हिरवी पापडी धरते. ती तांब्याच्या क्षारांची असते. मग एखादी वळवासारखी जोराची सर आली की पापडी विरघळून तासाभरात नदीत जाते आणि खालच्या डोहांत मासे पांढरी पोटे वर करून तरंगू लागतात. काठावर गुरे चारणाऱ्या पशुपालकांना कोणता पट्टा कधी निळा पडतो हे पाठ होते. ठरावीक दिवशी बाटलीत नमुना भरून नेणाऱ्या तंत्रज्ञाला नेमकी ती सर सापडणे कठीण.

१९८१ मध्ये मिलटाऊनच्या विहिरींच्या पिण्याच्या पाण्यात आर्सेनिक आढळले. धरणातल्या गाळातून ते भूजलात झिरपत होते. १९८३ मध्ये ही जागा सुपरफंडखाली शुद्ध करायच्या जागांच्या यादीत गेली. पुढची बरीच वर्षे अभ्यासात गेली. १९९६ च्या हिवाळ्यात बर्फाचे प्रचंड लोट धरणाच्या दिशेने येऊ लागले, म्हणून जलाशयाची पातळी घाईने उतरवावी लागली. तळचा गाळ ढवळला गेला आणि खाली मासे मेले. धरण तसेच ठेवून गाळावर नजर ठेवू, हा पर्याय तोवर स्वस्त आणि शहाणपणाचा वाटत होता. त्या हिवाळ्याने त्याचा भरवसा संपवला. ‘धरण काढा, नदी पूर्ववत करा’ ही मागणी मासेमारी करणाऱ्यांपासून व्यापाऱ्यांपर्यंत पोचली, हरकती-सूचनांच्या मुदतीत हजारो पत्रे आली. २००४ मध्ये अधिकृत निर्णय झाला आणि २८ मार्च २००८ रोजी धरण फोडून नदी मोकळी करण्यात आली. जलाशयात सुमारे ६६ लाख घनयार्ड गाळ साठला होता. त्यातला सर्वाधिक दूषित असा २० लाख घनयार्डांहून अधिक गाळ रेल्वेने हलवला गेला.

लोकसहभागाच्या यशाची गोष्ट म्हणून मिलटाऊनचे नाव घेतले जाते ते योग्यच आहे. पण ती रेल्वे कुठे गेली हेही नोंदवायला हवे. ती नदीच्या वरच्या अंगाला, ॲनाकोंडाजवळच्या ऑपॉर्च्युनिटी नावाच्या छोट्या वस्तीशेजारी गेली. भट्टीचा चोथा साठवण्याचे जुने तलाव तिथे आधीपासून होते. खालच्या मोठ्या शहरापाशी नदी मोकळी झाली, आणि तिच्यातला गाळ वरच्या मूठभर घरांच्या शेजारी जाऊन बसला. सहभागाची वर्तुळे आखताना गाळ जिथून निघतो तिथले लोक बोलावले जातात; तो जिथे जाणार तिथल्यांना तितक्याच आधी आणि तितक्याच आदराने बोलावले जात नाही. या विषयात सर्वांत जास्त दुर्लक्षिलेली बाब हीच आहे.

ऑपॉर्च्युनिटीच्या ९८ जमीनमालकांनी भट्टीच्या प्रदूषणाबद्दल वेगळा दावा लावला होता. सरकारी योजनेत घरांच्या आवारातील मातीत दशलक्ष भागांत २५० भाग आर्सेनिक चालत होते. या लोकांना ते १५ भागांवर आणायचे होते. यंत्रणा एक फूट माती काढायला तयार होती, त्यांना दोन फूट हवी होती. २०२० मध्ये अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने निकाल दिला की असे अधिकचे शुद्धीकरण स्वतःच्या जमिनीवर करायलाही पर्यावरण यंत्रणेची मंजुरी लागेल. कायदा सूचना ऐकून घेतो. अखेरचा शब्द लोकांच्या हाती देत नाही, हे त्या निकालातून स्पष्ट दिसते. ब्यूटमध्ये तर सरकार आणि कंपनी यांच्यातील अंतिम तडजोडीच्या वाटाघाटी न्यायालयाच्या गोपनीयतेच्या आदेशाखाली वर्षानुवर्षे बंद दाराआड चालल्या, आणि ओढ्याकाठच्या रहिवाशांना आपल्याच ओढ्याबद्दल काय ठरत आहे ते कळायला मार्ग नव्हता.

विश्वासाचा प्रश्न : ५ ऑगस्ट २०१५ रोजी कोलोरॅडोतील गोल्ड किंग या बंद खाणीचे तोंड तपासताना पर्यावरण यंत्रणेच्याच देखरेखीखालील पथकाकडून आतले पाणी फुटले. सुमारे ३० लाख गॅलन आम्लपाणी ॲनिमस नदीत गेले आणि नदी हळदीसारखी पिवळी-नारिंगी झाली. पुढे हे पाणी सॅन हुआन नदीतून नावाहो या मूळनिवासी जमातीच्या प्रदेशात पोचले. काही आठवड्यांत पाणी शेतीला सुरक्षित असल्याचे जाहीर झाले, तरी तिथल्या शिपरॉक गावच्या शेतकऱ्यांनी मतदान करून आपला कालवा बंदच ठेवला आणि उभी पिके वाळू दिली. हे अज्ञानातून झाले असे म्हणणे सोपे आहे. नमुने कोणी घेतले, केव्हा घेतले, गाळाचे काय, पुन्हा पूर आला तर काय, याची उत्तरे त्यांना ज्या तोंडून मिळत होती, त्याच यंत्रणेच्या हातून ती फूट झाली होती. आधीपासून त्यांच्या हाती स्वतःच्या नोंदी असत्या तर निर्णय कदाचित वेगळा झाला असता.

त्याच ॲनिमसच्या वरच्या अंगाला १९९४ पासून रहिवासी, खाणमालक आणि सरकारी खाती यांचा एक गट एकत्र बसून खाणतोंडांची यादी करत होता. सुपरफंडच्या शिक्क्याने पर्यटन बुडेल या भीतीने गावकऱ्यांचा सुपरफंडच्या यादीत जायला विरोध होता. फुटीनंतर गावानेच मत बदलले आणि २०१६ मध्ये परिसर त्या यादीत गेला.

लोकांच्या हातची मोजणी : आम्लता मोजण्याची पट्टी आणि विद्युतवाहकता मोजणारे साधे उपकरण शाळकरी मुलेही वापरू शकतात. त्याहून बोलकी पद्धत जाळीची. एकाने उथळ पाण्यात पायाने तळचे दगड ढवळायचे, दुसऱ्याने प्रवाहाच्या खालच्या बाजूला जाळी धरायची. मग पांढऱ्या ताटात जाळी उलटी करून अळ्या मोजायच्या. मेफ्लायसारख्या नाजूक कीटकांच्या अळ्या धातूला लवकर बळी पडतात. त्या ताटात वळवळताना दिसल्या तर पाणी सुधारत आहे, आणि हे कळायला अहवालाची वाट पाहावी लागत नाही. मात्र नमुन्याची जागा, वेळ आणि हाताळणी काटेकोर नोंदवली नाही तर हीच माहिती सुनावणीत बाजूला सारली जाते.

मोजण्यापलीकडे जाऊन लोकांनी स्वतः पाणी सुधारायचे ठरवले तर अमेरिकेत दीर्घकाळ एक अडथळा होता. जुन्या बेवारस खाणीच्या तोंडाशी आम्लता उतरवणारा चुनखडीचा चर खणणाऱ्या स्वयंसेवी गटावर त्या पाण्याची कायमची कायदेशीर जबाबदारी येऊ शकत असे, जरी प्रदूषण त्यांनी केलेले नसले तरी. धातूंच्या बेवारस खाणींपुरता हा धोका कमी करणारा कायदा डिसेंबर २०२४ मध्ये झाला. तोही १५ प्रायोगिक प्रकल्पांपुरता.

पेनसिल्व्हेनियातील व्हिंटनडेल या कोळशाच्या गावी रहिवासी, कलाकार आणि शास्त्रज्ञांनी मिळून आम्लपाण्यासाठी तळ्यांची रांग बांधली. पाणी एका तळ्यातून दुसऱ्यात जाताना आम्लता उतरते, लोह तळाशी बसते. काठाने झाडे अशी निवडली आहेत की शरद ऋतूत पहिल्या तळ्यापाशी पाने तांबडी होतात, पुढे नारिंगी, पिवळी आणि शेवटी हिरवी. एरवी कुंपणाआड राहणारी प्रक्रिया तिथे फिरायला येणाऱ्याला पानांच्या रंगांत दिसते.

प्रतिनिधित्व : ५ नोव्हेंबर २०१५ रोजी ब्राझीलमध्ये मारियानाजवळ लोहखाणीच्या चोथ्याचे धरण फुटले, १९ माणसे गेली आणि रिओ दोसी नदीतून गाळ ६०० किलोमीटरहून दूर अटलांटिक महासागरापर्यंत वाहत गेला. पुनर्वसनासाठी सरकार व कंपन्यांच्या करारातून एक प्रतिष्ठान उभे राहिले, पण त्या पहिल्या करारात बाधितांना निर्णयाची जागा नव्हती. ती त्यांना झगडून, २०१८ च्या नव्या करारात मिळाली. मच्छीमार कोण, हे परवान्यावरून ठरवायचे की नदीवर जाणाऱ्या माणसाच्या रोजच्या कामावरून, यावर कोणाला भरपाई मिळते हे ठरते. परवाना बहुधा पुरुषाच्या नावावर असतो. मासे साफ करून विकणारी बाई कागदावर नसते.

कालावधी : गंधकयुक्त खडक शतकानुशतके आम्ल सोडत राहू शकतो. ब्यूटच्या भूमिगत खाणींतले पंप १९८२ मध्ये बंद झाले, तेव्हापासून शेजारच्या बर्कली या उघड्या खाणीत विषारी पाणी साठत आले. ते उपसून शुद्ध करण्याचे काम कायमचे चालवावे लागणार आहे. जिथे दूषित पदार्थ जागेवरच झाकून ठेवले जातात तिथे सुपरफंडखाली दर पाच वर्षांनी फेरतपासणी होते. तिची सूचना स्थानिक लोकांना दिली जाते आणि नवी निरीक्षणे मांडता येतात. बहुतेक गट योजना मंजूर होताच विखुरतात, म्हणून या तपासण्यांना फारसे कोणी येत नाही. जिथे शाळा वा स्थानिक संस्था दरवर्षी त्याच जागी, त्याच दगडांखाली जाळी लावत राहिली आहे, तिथे तपासणीला आलेल्या अधिकाऱ्यासमोर ठेवायला त्यांच्याकडे वह्या असतात.