पार्श्वभूमी : ‘समाज सुरक्षित वाटतो का?’ हा प्रश्न आला कुठून

गोदावरीला पूर आला की नाशिककर नदीपात्रातल्या दुतोंड्या मारुतीच्या मूर्तीकडे बघतात. पाणी कमरेला लागलं की छातीला, यावरून सराफ बाजारातले दुकानदार माल वर चढवायचा का ते ठरवतात. मनातली धास्ती मोजायला असा मारुती नाही. तिथे प्रश्न हीच मोजपट्टी, आणि तीही शब्दांची.

ही मोजणी दोन वाटांनी आली. पहिली गुन्ह्यांच्या आकडेवारीतून. १९६० च्या दशकात अमेरिकेत गुन्हेगारीवर आयोग नेमला गेला, तेव्हा घरोघरी जाऊन लोकांना विचारलं गेलं. पोलिसांत न गेलेले गुन्हे उजेडात आले, आणि भीतीचा वेगळा विचार सुरू झाला. ‘अंधार पडल्यावर आपल्या भागात एकट्याने चालताना किती सुरक्षित वाटतं?’ या धर्तीचा प्रश्न तेव्हापासून रुळला. ब्रिटनच्या पाहणीत तो १९८२ पासून आहे आणि आज शाश्वत विकासाच्या जागतिक निर्देशकांतही आहे. यात ‘गुन्हा’ हा शब्दच नाही, हा आक्षेप १९८० च्या दशकातच घेतला गेला. तो किती खरा आहे ते नाशिकजवळच्या दारणा नदीकाठच्या गावांत कळतं. तिथे संध्याकाळनंतर बाहेर पडायची भीती विचारली, तर उत्तर बिबट्याबद्दल मिळतं.

दुसरी वाट मानसशास्त्राची. हुकूमशाहीकडे कल असलेल्या माणसांचा अभ्यास करताना कॅनडातल्या एका संशोधकाने १९८८ मध्ये ‘जग धोकादायक आहे’ ही धारणा मोजणारी विधानं मांडली. २००१ मध्ये न्यूझीलंडमधून पुढची मांडणी आली : जग धोक्याचं वाटणं वेगळं आणि जग म्हणजे बळी तो कान पिळी असं वाटणं वेगळं. २०१९ मध्ये तर जगाविषयीच्या २६ मूलभूत धारणांची यादी झाली आणि ‘सुरक्षित’ ही त्यातल्या सर्वांत व्यापक धारणांपैकी एक ठरली. इथे चौकशी गल्लीची नाही, एकूण माणसांविषयीच्या समजुतीची आहे. गल्लीत निर्धास्त असलेला माणूस जगाला घाबरलेला असू शकतो.

मराठीत आल्यावर मात्र सगळं एका शब्दावर अडतं : समाज. इंग्रजीतल्या ‘सोसायटी’ या शब्दाला कोशात हाच प्रतिशब्द आहे, पण बोलण्यात ‘आमचा समाज’ म्हणजे आमची जात. आमच्या पाहणीचे प्रश्न विचारत फिरताना नाशिकच्या सिडको वसाहतीतल्या एका रो-हाउसच्या जिन्यात मी हे अनुभवलं. ‘समाजात दिवसेंदिवस धोका वाढतोय, पटतं का?’ असं विचारलं, तर काकूंनी हातातली मेथीची जुडी खाली ठेवली आणि जरा दुखावून म्हणाल्या, “आमच्या समाजात तसलं काही नाही हो.” कागदावर ‘अजिबात पटत नाही’ अशी खूण झाली असती. प्रत्यक्षात त्यांनी आपल्या माणसांची बाजू घेतली होती. दुसऱ्या कुणी हाच शब्द ‘त्यांचा समाज’ असा ऐकला, तर खूण उलटी पडते. मग आपण भीती मोजतो की आपलं-परकं?

यावर पाहणी करणाऱ्या आमच्यात बराच वाद झाला. काहींचं म्हणणं, शब्द बदलला तर बाहेरच्या पाहण्यांशी तुलना करता येणार नाही. हे मला पटत नाही; दोन ठिकाणी शब्द एकच आणि अर्थ दोन असतील, तर तुलना होतच नसते. ‘जग’ घेऊन पाहिलं, तर लोक टीव्हीवरच्या युद्धाबद्दल बोलू लागले. ‘दुनिया’ म्हटलं की तक्रारीचा सूर आधीच लागतो. शेवटी ‘अनोळखी माणसं’ आणि ‘आपल्या भागातली माणसं’ असे दोन वेगळे प्रश्न केले.

‘एकटे’ या शब्दाचं दुखणंही थोडं असंच. इंग्रजीत तो बाईलाही लागतो आणि पुरुषालाही. मराठीत ‘एकट्याने’ छापलं की प्रश्न पुरुषाला विचारल्यासारखा होतो, म्हणून ‘एकटीने’ वेगळं छापावं लागतं. नाशिकच्या अंबड औद्योगिक वसाहतीत दुसऱ्या पाळीला जाणारी एक मुलगी तो प्रश्न ऐकून थांबली आणि म्हणाली, “एकटी मी येतच नाही, भाऊ घ्यायला येतो. मग काय सांगू?” दिलेल्या पाच पर्यायांत तिचं उत्तर नव्हतं. मी ते समासात लिहून घेतलं.