कडक शॉकअप वाळवंटात का हरतो

जानेवारीत सौदी अरेबियात डाकार रॅली सुरू झाली, किंवा मेक्सिकोत बाहा १००० झाली, की त्या गाड्यांचे व्हिडिओ आपल्याकडेही फिरू लागतात. धुळीचा लोट, पिसाटल्यासारखी वरखाली होणारी चाकं आणि वर जवळजवळ स्थिर असलेली केबिन. ते पाहून बहुतेकांच्या तोंडून एकच वाक्य निघतं: काय कडक शॉकअप बसवले असतील! जीप घेऊन डोंगरवाटांवर जाणाऱ्या हौशी मंडळींतही ही समजूत पक्की आहे. रस्ता जितका वाईट, तितका शॉकअप कडक हवा. भौतिकशास्त्राचं म्हणणं जवळपास उलटं आहे, आणि त्यातून निघालेलं उत्तर इतकं सुंदर आहे की ते सांगितल्याशिवाय मला राहवत नाही.

आधी एक गोष्ट स्पष्ट करू. गाडीचं वजन शॉकअप पेलत नाही, स्प्रिंग पेलते. चाक दगडावर चढलं की स्प्रिंग दबते आणि ऊर्जा साठवते. ही ऊर्जा ती परत देणारच. मध्ये कुणी आलं नाही तर गाडी बराच वेळ डुलत राहील. शॉकअपचं काम तेवढंच, ही ऊर्जा संपवायची. तेलाने भरलेलं नळकांडं, त्यात दांड्याला लावलेला पिस्टन आणि पिस्टनमध्ये तेल जायला अरुंद वाटा. त्या वाटांतून तेल जबरदस्तीने ढकललं जातं आणि गतीची उष्णता होते. स्प्रिंगचा विरोध ती किती दबली यावर ठरतो, शॉकअपचा विरोध तो किती वेगाने दबतोय यावर. हा फरक लक्षात ठेवा, पुढचं सगळं त्यावर उभं आहे.

बाहा १००० ही शर्यत पहिल्यांदा १९६७ मध्ये झाली, मेक्सिकोच्या बाहा कॅलिफोर्निया द्वीपकल्पात, तिहुआना ते ला पास. व्हिक विल्सन आणि टेड मँगल्स यांनी मायर्स मॅन्क्स ही छोटी बग्गी चालवत २७ तास ३८ मिनिटांत ती जिंकली. आज तिथल्या सर्वांत वरच्या वर्गातल्या ट्रॉफी ट्रकांची पुढची चाकं सुमारे ६० सेंटिमीटर वरखाली होऊ शकतात, मागची त्याहूनही जास्त. डाकारमध्ये मात्र नियमांची मर्यादा आहे. २०२२ मध्ये आलेल्या टी१ प्लस या मोटारींच्या वर्गाला ३५० मिलिमीटरची मोकळीक मिळाली, त्याआधी ती २८० होती. शॉकअप निवडायला बसलेला माणूस म्हणूनच सुरुवात कंपनीच्या नावापासून करत नाही. चाकाला किती हलायला मिळणार, गाडीचं वजन किती, चाक-ॲक्सलचं वजन किती आणि वाट कशी, हे आधी विचारतो.

बाहाच्या वाटेवर सान फेलिपे गावाच्या परिसरात व्हूप्स कुप्रसिद्ध आहेत. व्हूप्स म्हणजे एकामागोमाग एक उंचवटे आणि खळगे, मैलोन् मैल, गाड्यांच्या चाकांनीच तयार केलेले. समजा दोन उंचवट्यांमध्ये ७ मीटर अंतर आहे आणि गाडी ताशी १०० किलोमीटरने चाललीय. म्हणजे सेकंदाला साधारण ४ उंचवटे. गाडीच्या शरीराची स्प्रिंगांवरची स्वाभाविक वारंवारता सेकंदाला साधारण सव्वा ते दीड आंदोलनं असते. रस्त्याची वारंवारता स्वाभाविक वारंवारतेच्या आसपास असेल तर अनुनाद होतो, गाडी उसळत सुटते आणि तिथे कडक शॉकअपच तारतो. पण रस्त्याची वारंवारता स्वाभाविक वारंवारतेच्या वर्गमूळ २ पट, म्हणजे सुमारे १.४१ पट झाली, की खेळ उलटतो. त्याच्या पुढे शॉकअपचा विरोध जितका वाढवाल तितके जास्त हादरे वर पोचतात. कारण सोपं आहे. चाक झटकन वर येतं, शॉकअप त्या वेगाला विरोध करतो, आणि तो विरोध गाडीच्या शरीरालाच वर ढकलतो. मऊ शॉकअप चाकाला एकट्याला वर येऊ देतो. म्हणूनच अनुभवी चालक व्हूप्सवर वेग कमी करण्याऐवजी वाढवून अनुनादाच्या पलीकडे जातात, आणि केबिन स्थिर दिसू लागते.

मग मऊ शॉकअप बसवला की झालं? नाही. हाच ट्रक पुढच्या वळणानंतर एखाद्या चढावरून हवेत जाणार आहे आणि धाडकन आदळणार आहे. तिथे मऊ शॉकअप शेवटाला ठोकतो, आणि तसं झालं की दांडे वाकतात, वेल्डिंग सुटतं, चालकाच्या मणक्याला मार बसतो.

आता गणित पाहा. वरच्या व्हूप्सची तळापासून शिखरापर्यंतची उंची ४० सेंटिमीटर धरली, तर चाकाचा वरखाली होण्याचा कमाल वेग येतो सेकंदाला सुमारे ५ मीटर. आणि १.३ मीटर उंचीवरून पडलेल्या गाडीचा जमिनीला टेकतानाचा वेग? तोही सुमारे ५ मीटरच. शॉकअपला फक्त वेग कळतो. व्हूप्स आणि उडी या दोन्ही ठिकाणी वेग तोच, पण एका ठिकाणी त्याने मऊ असायला हवं आणि दुसऱ्या ठिकाणी कडक. वेगावर चालणारं यंत्र हा फरक करूच शकत नाही.

पण दोन्हींत एक गोष्ट वेगळी आहे: पिस्टनची जागा. व्हूप्सवर तो नळकांड्याच्या मधल्या पट्ट्यात धावत असतो. उडीनंतर तो टोकाकडे जातो. मग विरोध जागेनुसार बदलला तर?

बायपास शॉकअप म्हणजे हाच विचार लोखंडात उतरवलेला. मुख्य नळकांड्याच्या बाहेरून तीन, चार, कधी पाच बारीक नळ्या जोडलेल्या असतात. प्रत्येक नळीची दोन तोंडं नळकांड्यात दोन वेगवेगळ्या ठिकाणी उघडतात. पिस्टन या दोन तोंडांच्या मध्ये असेपर्यंत त्याच्या पुढचं तेल नळीत शिरतं, पिस्टनला वळसा घालतं आणि त्याच्या मागे येऊन पडतं. पिस्टनमधल्या अरुंद वाटांवरचा भार हलका होतो, शॉकअप मऊ वागतो. पिस्टनने पुढचं तोंड ओलांडलं की दोन्ही तोंडं त्याच्या मागे पडतात आणि ती नळी निरुपयोगी होते. मग दुसरी नळी, मग तिसरी. शेवटच्या काही सेंटिमीटरांत वळसा उरतच नाही. सगळं तेल पिस्टनमधूनच गेलं पाहिजे, आणि विरोध प्रचंड वाढतो. प्रत्येक नळीत एकाच दिशेने उघडणारी झडप असते, त्यामुळे काही नळ्या फक्त दबताना काम करतात, काही फक्त उलगडताना. नळीच्या डोक्यावरचा बोल्ट फिरवून त्या पट्ट्यापुरता विरोध कमीजास्त करता येतो. सेन्सर नाही, संगणक नाही, फक्त भोकाची जागा!

रस्त्यावरच्या गाडीत बाहेरच्या नळ्या मावत नाहीत. तिथे नळकांड्याच्या आत भोकं पाडलेलं दुसरं नळकांडं बसवतात. २०१० च्या फोर्ड रॅप्टर या पिकअप ट्रकमध्ये फॉक्स कंपनीचे असेच आतल्या बायपासचे शॉकअप कारखान्यातूनच येत होते.

पिस्टनच्या वाटांवरही बरीच कारागिरी असते. नुसतं भोक ठेवलं तर विरोध वेगाच्या वर्गाने वाढतो, म्हणजे वेग दुप्पट तर विरोध चौपट. हे परवडत नाही. म्हणून वाटांवर पोलादाच्या पातळ चकत्या रचतात, ज्यांना शिम म्हणतात. दाब वाढला की त्या वाकतात आणि वाट मोठी होते. चकतीचा ताठपणा जाडीच्या घनाने वाढतो, त्यामुळे ०.१५ ऐवजी ०.२० मिलिमीटरची चकती घातली तर ती सुमारे २.४ पट ताठ. ०.१५ च्या दोन चकत्या एकावर एक ठेवल्या तर मात्र फक्त दुप्पट. गाडी सुधारायला बसलेला मेकॅनिक रात्र रात्र या चकत्या बदलत असतो ते याचसाठी.

उलगडण्याचा विरोधही तितकाच महत्त्वाचा. तो जास्त झाला तर दोन उंचवट्यांमधल्या पाव सेकंदात चाक पुरतं खाली येत नाही. पुढच्या उंचवट्याला ते आधीच अर्धं दबलेलं असतं, त्याच्या पुढच्याला आणखी. पाहता पाहता गाडी बसत जाते आणि मऊ पट्टा हातातून जातो. हा विरोध कमी झाला तर मागचा भाग उसळून गाडी नाकावर येते.

ही सगळी ऊर्जा तेलात जाते, आणि तेल तापतं. प्रत्येक चाकाला सरासरी २००० न्यूटन विरोध आणि सेकंदाला ३.२ मीटर सरासरी वेग धरला तर ६.४ किलोवॉट उष्णता. म्हणजे घरातले २ किलोवॉटचे तीन गीझर एका चाकापाशी. २ किलो तेलाने ती सगळी एकट्याने शोषली, तर दर सेकंदाला तापमान दीड अंशाहून जास्त चढेल. व्यास वाढवतात तो म्हणूनच. २ इंचांऐवजी ३ इंचांचा पिस्टन घेतला तर क्षेत्रफळ सव्वादोन पट होतं, तेवढ्याच विरोधाला कमी दाब लागतो, आणि तेलही जास्त मावतं. तेलाची वेगळी टाकी हवेत बाहेर लावतात. सील साध्या नायट्राइल रबराऐवजी व्हायटॉनचे, कारण ते २०० अंश सेल्सियसच्या आसपासही टिकतात.

दबताना पिस्टनच्या मागचा दाब एकदम घसरतो. दाब कमी झाला की द्रव कमी तापमानाला उकळतो, हे शाळेत शिकलोय. तेलात बुडबुडे होतात, फेस होतो, आणि फेस विरोध करत नाही. फ्रेंच अभियंता ख्रिस्तियाँ बुर्सिए द कार्बाँ याने यावर तोडगा काढला: तरंगता पिस्टन आणि त्याच्या पलीकडे दाबाखाली भरलेला वायू. बिल्स्टाइन या जर्मन शॉकअप कंपनीने १९५७ मध्ये ही रचना मर्सिडीज गाड्यांत आणली. आजच्या शर्यतीच्या शॉकअपमध्ये साधारण २०० पीएसआय दाबाचा नायट्रोजन असतो. नायट्रोजन का? त्यात पाण्याची वाफ नाही आणि तेल खराब करणारा ऑक्सिजन नाही. बस. टायरच्या दुकानात हाच वायू जादूसारखा विकला जातो, तिथे मात्र आठवावं की आपल्या हवेत तो ७८ टक्के आहेच, आणि तापल्यावर तो कोरड्या हवेइतकाच प्रसरण पावतो.

त्याच न्यायाने, शहरात चालणाऱ्या जीपला वेगळ्या टाकीचे महागडे शॉकअप लावणं म्हणजे न होणाऱ्या उष्णतेची सोय करणं. तिथे मिनिटभर सलग व्हूप्स कधीच येत नाहीत.

शर्यतीचा ट्रक चाचणीला नेतात तेव्हा दांड्यावर एक रबरी कडं सरकवून ठेवतात. धाव संपली की कडं कुठे पोचलं ते पाहायचं आणि नळकांड्याचं तापमान मोजायचं. कडं प्रत्येक उडीला टोकाला जात असेल तर शेवटच्या पट्ट्याचा बोल्ट आवळायचा. ते कधीच टोकाजवळ पोचत नसेल तर गाडी चाकाला मिळालेली मोकळीक वापरतच नाहीये, आणि तो बोल्ट सैल करायचा. अख्ख्या वाटेवर सगळ्यात वाईट एकदोन ठिकाणीच कडं टोकाला टेकलं, की निवड जमली.