मेंदूच्या दाहात प्लेटलेटचा हात

पावसाळा लागला की पुण्या-मुंबईत प्लेटलेट हा शब्द घराघरांत शिरतो. डेंग्यूच्या पेशंटच्या नातेवाइकांना दिवसातून चारदा विचारणा होते, ‘पेशी किती आल्या?’ कुणी पपईच्या पानांचा रस घेऊन येतं. आकडा वर सरकला की सगळ्यांचा जीव भांड्यात पडतो. या आकड्याच्या धाकामुळे प्लेटलेटची एकच ओळख आपल्या मनात पक्की झाली आहे: त्या कमी झाल्या की रक्तस्रावाची भीती. ते खरंच आहे, पण त्यांच्या कामाची ही अर्धीच हकीकत झाली. उरलेली अर्धी गेल्या वीस-पंचवीस वर्षांत उलगडत गेली आणि तिचा बराच भाग मेंदूत घडतो.

दोन-तीन मायक्रॉनचा हा कण, त्यात केंद्रक नाही, आयुष्य सात ते दहा दिवसांचं. निरोगी माणसाच्या रक्ताच्या एका मायक्रोलिटरमध्ये असे दीड ते साडेचार लाख कण असतात. इटलीतल्या तुरिनच्या ज्युलिओ बिझोझेरो यांनी १८८२ मध्ये जिवंत प्राण्याच्या बारीक रक्तवाहिनीत त्यांना जखमेपाशी गोळा होताना पाहिलं, आणि पुढची शंभर वर्षं त्यांची नोंद ‘रक्त थांबवणारे’ एवढीच राहिली. केंद्रक नाही म्हणजे स्वतःची अक्कल नाही, असाही एक समज होता. तो २००५ च्या सुमारास पार मोडला. आपल्या पोटात आरएनएच्या अर्धवट प्रती बाळगायच्या आणि इशारा मिळताच त्या नीट करून त्यांवरून प्रथिनं बनवायची, हे प्लेटलेटना जमतं असं अमेरिकेत यूटा विद्यापीठात दिसून आलं. त्या प्रथिनांत इंटरल्यूकिन-१ बीटा होतं, म्हणजे दाह (प्रतिकारयंत्रणा उठवते ती सूज) भडकवणारा एक मुख्य रेणू.

त्याखेरीज प्लेटलेटच्या आतल्या कणिकांमध्ये आधीपासून भरलेला साठा असतोच. रक्तातलं जवळजवळ सगळं सेरोटोनिन त्याच वाहून नेतात. त्या चेतवल्या गेल्या की पी-सिलेक्टिन नावाचं प्रथिन पृष्ठभागावर येतं आणि पांढऱ्या पेशी त्याला अडकतात. सीडी४० लायगँड हा दुसरा रेणू रक्तवाहिनीच्या अस्तराला ‘इथे काहीतरी बिघडलंय’ असं सांगतो. वाहिनी मेंदूतली असेल तर हा निरोप महागात पडू शकतो. तिथल्या अस्तराच्या पेशी एकमेकींना घट्ट चिकटलेल्या असतात, जेणेकरून रक्तातलं वाटेल ते मेंदूत झिरपू नये. ही वीण सैल झाली की फायब्रिनोजेनसारखी प्रथिनं आत उतरतात. फायब्रिनोजेन शरीरात इतरत्र गुठळी बांधण्याच्या कामाचं, पण मेंदूतल्या मायक्रोग्लिया, म्हणजे तिथल्या पहारेकरी पेशी, त्याला पाहून खवळतात.

मल्टिपल स्क्लेरोसिस किंवा एमएस हा याचा सर्वांत बोलका नमुना. या आजारात शरीराचीच प्रतिकारयंत्रणा चेतातंतूंवरच्या मायलिनच्या आवरणावर हल्ला करते. ट्रेसी पुटनम या अमेरिकन मेंदूतज्ज्ञाने १९३० च्या दशकातच मांडलं होतं की एमएसचे चट्टे बारीक शिरांतल्या गुठळ्यांभोवती उठत असावेत. पुढे त्याने पेशंटना डायकुमारॉल हे गुठळीरोधक औषध देऊनही पाहिलं. ठाम निष्पत्ती झाली नाही आणि कल्पना मागे पडली. पुटनमचं उत्तर चुकलं असेल, पण त्याचा रोख बरोबर होता असं मला वाटतं. २०१२ मध्ये एमएससारखा आजार घडवलेल्या उंदरांच्या रक्तातून संशोधकांनी प्लेटलेट काढून टाकल्या, तेव्हा मेंदूत घुसणाऱ्या पांढऱ्या पेशी घटल्या आणि आजार सौम्य झाला. माणसांच्या एमएसच्या चट्ट्यांतही प्लेटलेटच्या खुणा सापडल्या आहेत.

मग प्लेटलेटना आवर घातला की झालं? इथेच खरी गोम आहे.

पक्षाघातात मेंदूची धमनी तुंबते. ती मोकळी झाल्यावरही नुकसान वाढत राहू शकतं, कारण गुठळी आणि दाह एकमेकांना खतपाणी घालतात. जर्मनीत व्युर्त्सबुर्गच्या संशोधकांनी २००७ मध्ये उंदरांवर एक नेमका प्रयोग केला. प्लेटलेट रक्तवाहिनीच्या भिंतीला पहिल्यांदा ज्या हाताने धरतात तो जीपी-१बी हा रेणू त्यांनी अडवला. मेंदूचं नुकसान लक्षणीय कमी झालं, रक्तस्रावही वाढला नाही. पण प्लेटलेट एकमेकींना ज्याने धरतात तो जीपी-२बी/३ए रेणू अडवला तेव्हा उंदरांच्या मेंदूत रक्तस्राव झाले. माणसांमध्ये हाच दुसरा रेणू अडवणाऱ्या ॲब्सिक्सिमॅब या औषधाची पक्षाघातातली मोठी चाचणी याच कारणाने मध्येच थांबवावी लागली.

त्याच सुमारास, २००८ मध्ये, हार्वर्डच्या एका गटाला आणखी चक्रावणारी गोष्ट दिसली. ज्यांच्या प्लेटलेट जवळपास संपवल्या होत्या अशा उंदरांत दाह नसेल तोवर फारसं काही बिघडलं नाही. त्वचेत, फुप्फुसात किंवा मेंदूत दाह सुरू होताच मात्र तिथे रक्तस्राव झाला. म्हणजे दाह सुरू असताना पांढऱ्या पेशी भिंतीतून आत घुसतात आणि वाहिनी फुटू नये म्हणून प्लेटलेट ती भोकं बुजवत असतात. दाहाला हातभार लावणाऱ्या आणि त्याची पडझड सावरणाऱ्या, दोन्ही त्याच.

२०२३ च्या ऑगस्टमध्ये या गोष्टीला आणखी एक फाटा फुटला. प्लेटलेटच्या कणिकांतला पीएफ४ हा रेणू म्हाताऱ्या उंदरांना टोचला तर त्यांची स्मरणशक्ती सुधारते, असं तीन वेगवेगळ्या शोधनिबंधांनी एकाच वेळी जाहीर केलं. एक गट तरुण रक्ताच्या परिणामाचा माग काढत होता, दुसरा व्यायामाच्या, तिसरा क्लोथो नावाच्या प्रथिनाच्या. तिघेही फिरून पीएफ४ पाशी येऊन थांबले. तरुण रक्तावर काम करणाऱ्या गटाला तर म्हाताऱ्या मेंदूतला दाह उतरलेलाही दिसला. लगेच हुरळून जायचं कारण नाही. ॲस्ट्राझेनेकाची लस, म्हणजे आपल्याकडे पुण्यात बनलेली कोविशिल्ड, घेतल्यावर अगदी क्वचित कुणाच्या मेंदूच्या शिरांत ज्या गुठळ्या झाल्या, त्या याच पीएफ४ विरुद्ध तयार झालेल्या प्रतिपिंडांमुळे.

प्लेटलेटना आवर घालून मेंदू वाचतो का, याची माणसांतली सर्वांत मोठी परीक्षा ॲस्पिरिनने दिली, कारण ॲस्पिरिन प्लेटलेटना आयुष्यभरासाठी, म्हणजे त्यांच्या सात ते दहा दिवसांसाठी, लंगडं करतं. ऑस्ट्रेलिया आणि अमेरिकेतल्या १९,११४ निरोगी वयस्कर लोकांवरच्या ‘ॲस्प्री’ चाचणीत रोज १०० मिलिग्रॅम ॲस्पिरिनने डिमेन्शिया टळला नाही, मोठे रक्तस्राव मात्र वाढले. निकाल २०१८ मध्ये आला. ज्यांना आधी पक्षाघात किंवा हृदयविकाराचा झटका येऊन गेला आहे त्यांचा हिशेब वेगळा, त्यांनी गोळी परस्पर बंद करू नये. आणि डेंग्यूच्या तापात ॲस्पिरिन अजिबात घेऊ नये, तिथे पॅरासिटामॉलच.