वृक्षावर चालणाऱ्या रिकर्सिव्ह फंक्शनचा माग

रिकर्शनमध्ये फंक्शन (नाव दिलेला सूचनांचा संच) स्वतःलाच हाक मारते, म्हणजे कॉल करते, हे प्रोग्रॅमिंग शिकणाऱ्यांना लवकर समजते; ती हाक पुरी झाल्यावर काम नेमके कुठून पुढे सुरू होते, या प्रश्नाशी मात्र भलेभले अडतात. त्यावर कागद-पेन्सिलीने माग काढण्यासारखा दुसरा उपाय मला ठाऊक नाही.

एक लहान वृक्ष काढू. मुळाशी ८, त्याच्या डावीकडे ३ व उजवीकडे १०. ३ च्या खाली डावीकडे १ व उजवीकडे ६. (संगणकातला वृक्ष उलटा असतो, मूळ वर आणि पाने खाली.) याची उंची काढायचा नियम असा: जागा रिकामी असेल तर ० द्यायचा, नाहीतर आधी डाव्या, मग उजव्या फांदीची उंची काढून त्यांतल्या मोठ्या आकड्यात १ मिळवायचा.

८ चे काम सुरू होते, पण डाव्या फांदीची उंची कळेपर्यंत ते अडून राहते आणि ३ चे काम सुरू होते. तेही तसेच थांबून १ ला पुढे करते आणि १ आपल्या डावीकडच्या रिकाम्या जागेची उंची विचारतो. या क्षणी चार कॉल एकावर एक रचलेले असतात. या थप्पीलाच कॉल स्टॅक म्हणतात. रिकामी जागा ० देऊन थप्पीवरून उतरते, उजवीकडूनही ० येतो आणि १ ची उंची १ ठरते. ते उत्तर ३ ला मिळते, तेव्हा ३ चा कॉल जिथे थांबला होता त्याच ठिकाणाहून पुढे सरकतो, उजवीकडच्या ६ कडूनही १ मिळवतो आणि २ हे उत्तर वर पाठवतो. १० ची उंची १ येते, म्हणून ८ चे उत्तर ३.

चूक बहुधा एकाच ठिकाणी होते: ‘डावी उंची’ हे नाव कागदावर एकदाच लिहून तोच आकडा खोडत राहणे. प्रत्येक कॉलची ‘डावी उंची’ वेगळी असते, म्हणून प्रत्येक कॉलसाठी स्वतंत्र चौकट आखावी. फोर्ट्रान ७७ च्या प्रमाणकात रिकर्शनला मुभा नव्हती, कारण फंक्शनच्या चलांना (व्हेरिएबल्सना) स्मृतीत एकच कायमची जागा देण्याची पद्धत त्या भाषेत रूढ होती. त्याउलट प्रत्येक कॉलला स्टॅकवर स्वतःची जागा देऊन रिकर्शन कसे राबवावे, हे संगणकशास्त्रज्ञ एड्सगर डायक्स्ट्रा यांनी १९६० मध्येच मांडले होते.

माग पुरा झाला की कॉल मोजावेत. पाच नोडना (वृक्षातल्या ८, ३, १०, १, ६ या गाठींना) मिळून दहा फांद्यांच्या जागा असतात, त्यांतल्या चार भरलेल्या, म्हणजे सहा रिकाम्या. एकूण कॉल ११. कागदावर कमी भरले तर एखादी रिकामी जागा नक्की सुटली आहे.

स्टॅकची खोली मात्र नोडच्या संख्येवर नव्हे, उंचीवर ठरते. दहा लाख नोडचा समतोल (सगळ्या बाजूंनी सारखा भरलेला) वृक्ष २० पातळ्यांत मावतो, त्यामुळे रिकाम्या जागेचा कॉल धरून एका वेळी थप्पीवर फार तर २१ कॉल असतात. पण हजारभर नोड एकाच बाजूला साखळीसारखे लोंबत असतील, तर पायथॉनची १,००० कॉलची नेहमीची मर्यादा ओलांडली जाऊन प्रोग्रॅम मध्येच थांबतो.