टाकाऊतून शोभेच्या वस्तू : ठाणे-नवी मुंबईतील एका घरगुती कलेची पार्श्वभूमी

पार्सलच्या खोक्यांचे पुठ्ठे, जुन्या लग्नपत्रिका, रिकाम्या काचेच्या बाटल्या आणि विरलेल्या साड्यांचे काठ यांपासून केलेली तोरणे, कंदील, फुलदाण्या आणि मखरे आज ठाण्यातल्या व नवी मुंबईतल्या सोसायट्यांच्या प्रदर्शनांत हमखास मांडलेली दिसतात. हा छंद मोबाइलवरचे व्हिडिओ पाहून अलीकडेच रुजला, असा समज सर्रास आढळतो. तो बरोबर नाही. घरात ज्या काळी जे उरत असे, त्याचीच त्या काळी शोभा होत असे, आणि या कलेचा इतिहास म्हणजे मुख्यतः त्या उरलेल्या वस्तूंचा इतिहास आहे.

सर्वांत आधी उरत असे ते कापड. नेसून विरलेल्या नऊवारी लुगड्याची गोधडी शिवणे ही गरज होती, परंतु ठिगळांची रंगसंगती आणि धावदोऱ्याच्या ओळी यांत शिवणारीची नजर स्पष्ट दिसे. केवळ शोभेसाठी वस्तू करण्याची हक्काची जागा मात्र रुखवताची होती. सुपाऱ्यांची भटजी-यजमान जोडी, काचनळ्यांचे पोपट-मोर असलेले तोरण, जुन्या बांगड्यांना लोकर गुंडाळून केलेली झुंबरे अशा वस्तू मुलीकडच्या बायका अनेक दिवस आधीपासून करीत असत. त्यांतला माल स्वस्त असला तरी हात कसलेला लागे, आणि मांडवात ते रुखवत बारकाईने पाहिले जाई.

ठाण्यापुरते बोलायचे तर याच्याच शेजारी दुसरी एक परंपरा उभी होती. पालघर जिल्हा १ ऑगस्ट २०१४ रोजी वेगळा होईपर्यंत डहाणू, जव्हार, तलासरी या तालुक्यांतले वारली आदिवासींचे पाडे ठाणे जिल्ह्यातच होते. गेरूने सारवलेल्या कुडाच्या भिंतीवर तांदळाच्या पिठाच्या पाण्यात बांबूची चेचलेली काडी बुडवून लग्नाचा चौक, म्हणजे देवीचे चौकोनी चित्र, लिहायचा, आणि तो सवाशिणींनी लिहायचा, अशी ही रीत आहे. रंग घरचा, पीठ घरचे, काडी कुंपणातली. १९७० च्या दशकात हे चित्र भिंतीवरून कागदावर आले, आणि पुढे जिव्या सोमा मशे यांनी ते जगभर नेले. त्यांना २०११ साली पद्मश्री मिळाली. आज बाटल्यांवर आणि मडक्यांवर वारली आकृत्या काढणाऱ्यांनी त्या चौकातला पालघट देवीचा मान लक्षात ठेवावा, असे मला मनापासून वाटते, कारण मुळात ते पूजेचे चित्र आहे.

याच भागात, आधी १९४५ मध्ये बोर्डीला आणि नंतर १९५७ पासून कोसबाडला, ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी बालशिक्षणाचे काम उभे केले. महागडी परदेशी साधने परवडणारी नव्हती, म्हणून शिंपले, बिया, खडे, पाने आणि बांबू यांतूनच मुलांची साधने तयार झाली. स्वस्त वस्तू ही अडचण नसून शिकण्याचे साहित्य आहे, हे या कामाने दाखवून दिले. शाळांमध्ये कार्यानुभवाचा तास आला तो कोठारी शिक्षण आयोगाच्या (१९६४-६६) शिफारशीनंतर, आणि आइस्क्रीमच्या काड्यांचा दिवा किंवा काडेपेट्यांचा खणांचा डबा मराठी घरांत शिरला तो बहुधा याच तासाच्या दाराने.

तोवर राहण्याची रीतही बदलत होती. १९६२ मध्ये महाराष्ट्र औद्योगिक विकास महामंडळ स्थापन झाल्यानंतर ठाण्याच्या वागळे इस्टेटीत कारखाने वाढले, तर १९७० मध्ये सिडको या शहर वसवणाऱ्या सरकारी महामंडळाची स्थापना होऊन खाडीपलीकडे वाशीपासून नवे शहर बांधले जाऊ लागले. चाळीतल्या खोलीतून सिडकोच्या दोन खोल्यांत आलेल्या कुटुंबाला प्रथमच शोकेस मिळाली, आणि ती भरायला पैसे बेताचेच होते. त्याच सुमारास घरात नव्या तऱ्हेच्या वस्तू साठू लागल्या होत्या. पूर्वी कागद चिकटवायला मैद्याची खळ शिजवावी लागे, तिला कीड लागू नये म्हणून मोरचूद घालावे लागे, आणि तरीही पावसाळ्यात ती बुरसत असे. १९५९ पासून बाजारात आलेल्या फेविकॉलने हा प्रश्न सोडवला. कागद, लाकूड, कापड आणि पिस्त्यांची टरफलेसुद्धा आता टिकाऊपणे चिकटू लागली. माझ्या मते या कलेच्या इतिहासात एवढा मोठा फरक दुसऱ्या कशानेही पडलेला नाही.

त्या शोकेसमधली साबणाची टोपली अनेकांना आठवत असेल. लांबट गोल साबणाच्या वडीच्या काठाने वर आणि खाली सारख्या अंतरावर टाचण्या टोचायच्या, वरच्या टाचणीवरून खालच्या टाचणीवर साटीनची रिबीन तिरकी ओढत पूर्ण फेरा मारायचा, दुसरा फेरा उलट तिरका घ्यायचा, म्हणजे बाजूंना विणीचा भास होतो. मग तारेला रिबीन गुंडाळून मूठ बसवायची आणि मध्ये कापडी फुले खोचायची. टाचणी हलकेच आणि सरळ दाबावी लागते, नाहीतर वडीचा कपचा उडतो. त्या टोपलीचा वास कपाटात महिनोन्‌महिने राही.

गणपतीच्या मखराची वाट मात्र मध्येच चुकली. केळीचे खांब, घोटीव कागद आणि कोकणातून आलेल्या घरांतली फळाफुलांची माटवी मागे पडून थर्माकोल आला. तो हलका होता, सुरीने कापता येत होता आणि पांढराशुभ्र दिसत होता. पण तो घरात उरलेला नव्हता, तर शोभेसाठी मुद्दाम विकत आणून नंतर फेकला जात होता. २३ मार्च २०१८ च्या अधिसूचनेने राज्यात प्लास्टिक व थर्माकोलच्या अनेक वस्तूंवर बंदी आली, आणि त्या वर्षीच्या गणेशोत्सवापुरती सूट द्यायलाही मुंबई उच्च न्यायालयाने नकार दिला. तेव्हापासून लोक पुठ्ठ्याकडे वळले, आणि ऑनलाइन खरेदीमुळे पुठ्ठा घरोघरी साठतच होता. वाशीच्या घाऊक फळबाजारातून येणाऱ्या आंब्याच्या लाकडी पेट्याही आता कुंड्यांच्या स्टँडसाठी आणि भिंतीवरच्या फळ्यांसाठी वापरल्या जातात.

पुठ्ठ्याचे मखर करणाऱ्यांना भाद्रपदातली खाडीकाठची दमट हवा जपावी लागते. आतल्या नागमोडी थराच्या रेषा खांबात उभ्या ठेवल्या तर तो वाकत नाही, आणि रंग एकाच बाजूला दिला तर पुठ्ठा वाळताना मुरडतो, म्हणून मागच्या बाजूसही एक हात द्यावा लागतो. खांब, कमान आणि पाया चिकटवून न टाकता एकमेकांत खाचा पाडून बसवले, तर विसर्जनानंतर ते मखर सपाट घडी होऊन माळ्यावर जाते आणि पुढच्या वर्षी त्यावर फक्त नवा कागद चढवावा लागतो.