स्थूल शरीर, दुखरी कंबर आणि उपचाराचा हात

कंबरेत उसण भरली की पायाळू माणसाचा पाय लावून घ्यायचा, ही रीत आपल्याकडे जुनी आहे. जागेवरून हललेले काहीतरी त्या लाथेने जागेवर बसते, अशी त्यामागची समजूत. दवाखान्यातल्या टेबलावर पालथे पडून फिजिओथेरपिस्टकडून मणक्यांवर दाब घेणाऱ्याच्या मनातही बहुधा हेच चित्र असते. तो स्थूल असेल, तर त्यात आणखी एका शंकेची भर पडते: एवढ्या चरबीखालचा मणका यांच्या हाताला लागणार तरी कसा?

शंका रास्त आहे. मणके मोजताना दोन्ही बाजूंच्या कटीच्या हाडांचे वरचे काठ बोटांनी चाचपतात आणि त्यांना जोडणारी आडवी रेषा मनाशी आखतात. ती साधारणपणे कमरेच्या चौथ्या मणक्याजवळून जाते. पाठीत सुई टोचण्यापूर्वी भूलतज्ज्ञही याच रेषेचा आधार घेतात. २००० साली प्रसिद्ध झालेल्या एका ब्रिटिश अभ्यासात त्यांनी ओळखलेली जागा एमआरआयशी ताडून पाहिली, तेव्हा ती जेमतेम २९ टक्के वेळा बरोबर निघाली, आणि स्थूल व्यक्तींच्या बाबतीत अचूकता आणखी घसरलेली दिसली.

पण नेमका मणका सापडणे खरोखर किती गरजेचे आहे? याच प्रश्नावर झालेल्या चाचण्यांचा २०२१ साली एकत्रित आढावा घेतला गेला, तेव्हा ‘दोषी’ ठरवलेल्या मणक्यावर दिलेला दाब दुसरीकडे दिलेल्या दाबापेक्षा सरस ठरल्याचे दिसले नाही. याचे कारण असे की मुळात तिथे काहीच ‘बसवले’ जात नसते. मणक्यांमधली गादी वरच्या आणि खालच्या हाडाला घट्ट जोडलेली असते. ती साबणाच्या वडीसारखी निसटत नाही, आणि ‘कट्’ असा आवाज आला म्हणून हाड जागेवर आले असेही नाही. सांधा ताणला गेला की आतल्या वंगणासारख्या द्रवात वायूची पोकळी तयार होते, हे २०१५ मध्ये बोटांच्या सांध्यांचे एमआरआय चित्रण करून दाखवण्यात आले. हस्तोपचाराने बरे वाटते ते प्रामुख्याने मज्जासंस्थेमुळे, असे आज मानले जाते: त्वचा, स्नायू आणि सांधे यांतून मेंदूकडे जाणाऱ्या संदेशांमुळे वेदनेची धार काही काळ बोथट होते आणि आखडलेले स्नायू सैल पडतात. हे संदेश चरबीच्या थराने अडत नाहीत.

स्थूल व्यक्तीसाठी बदलावी लागते ती पद्धत. पालथे झोपल्यावर पोट दबते आणि श्वास अवघडतो, म्हणून कुशीवर झोपवून, गुडघ्यांमध्ये उशी देऊन, कटीचा भाग हळूहळू हलवणे सोयीचे पडते. टेबल रुंद आणि उंची कमी-जास्त करता येणारे हवे, आणि जोर मनगटातून न लावता उपचारकाने स्वतःच्या शरीराचा भार वापरायला हवा. नाहीतर त्याचीच कंबर धरायची.

अर्थात, अपेक्षा माफक ठेवाव्यात. दीर्घकालीन कंबरदुखीवरील ४७ चाचण्यांचा, म्हणजे ९,२११ रुग्णांचा, आढावा २०१९ मध्ये प्रसिद्ध झाला. त्यात मणक्यांवरील हस्तोपचार व्यायामासारख्या शिफारस केलेल्या उपचारांच्या साधारण बरोबरीने उतरला, त्यांच्या पुढे गेला नाही. जागतिक आरोग्य संघटनेच्या २०२३ च्या मार्गदर्शक सूचनांत त्याला स्थान आहे, मात्र कमरेचा पट्टा आणि ट्रॅक्शन (वजन लावून कंबर ताणून धरण्याचा उपचार) यांना नाही. लघवीवरचा ताबा जाणे, जांघेत बधिरपणा येणे, ताप किंवा पायातली शक्ती कमी होणे अशी लक्षणे असतील, तर दाब देण्याचा विचार सोडून आधी डॉक्टर गाठावा.

‘आधी वजन उतरवा, मग बघू’ हे उत्तर मला अपुरे वाटते. वजनाचा भार मणक्यांवर पडतो आणि चरबीच्या पेशींतून दाह वाढवणारी रसायनेही पाझरतात, हे खरे. पण सडपातळ माणसांचीही कंबर दुखते, आणि दुखणाऱ्या कंबरेने चालणे बंद झाले की वजन उतरायचे कसे? हस्तोपचाराने मिळालेला थोडा आराम या कोंडीत उपयोगी पडतो, तो चालायला सुरुवात करण्यासाठी. नुकतीच कंबरदुखीतून उठलेल्या ७०१ प्रौढांवर ऑस्ट्रेलियात झालेल्या चाचणीचे निष्कर्ष २०२४ मध्ये आले. फिजिओथेरपिस्टच्या मार्गदर्शनाखाली टप्प्याटप्प्याने चालणे वाढवलेल्या गटात दुखणे पुन्हा उद्भवायला मध्यकानुसार (निम्म्यांना याहून कमी, निम्म्यांना जास्त) २०८ दिवस लागले, तर इतरांत ११२.