स्वव्यवस्थापनातला ‘स्व’ : दीर्घकालीन आजार, मोबाइल आणि जाळे-सिद्धांत यांची पार्श्वभूमी

मधुमेह, उच्च रक्तदाब, दमा किंवा संधिवात जडलेला माणूस वर्षातून चार वेळा डॉक्टरांकडे गेला आणि प्रत्येक वेळी अर्धा तास बसला, तरी वर्षाच्या ८,७६० तासांपैकी दोनच तास तो वैद्यकीय नजरेखाली असतो. उरलेल्या वेळात काय खायचे, गोळी कधी घ्यायची, दम लागला तर थांबायचे की चालत राहायचे, हे सारे ठरवणे त्याच्याकडेच येते. या कामाला वैद्यकशास्त्राने ‘स्वव्यवस्थापन’ असे नाव दिले. त्या नावातला ‘स्व’ मात्र फसवा आहे, कारण हे काम एकट्याने पार पाडल्याची उदाहरणे त्याच्या इतिहासात फारशी सापडत नाहीत. मोबाइल आणि जाळे-सिद्धांत (माणसे एकमेकांशी कशी जोडलेली आहेत याचा गणिती अभ्यास) या दोन गोष्टी या क्षेत्रात वेगवेगळ्या वाटांनी आल्या आणि बऱ्याच उशिराने एकत्र आल्या. हा उशीर का झाला, याचे बरेचसे उत्तर त्या ‘स्व’मध्ये आहे.

१९२१-२२ मध्ये टोरांटोत इन्सुलिन हाती आले आणि काही महिन्यांत मृत्यू ओढवणारा लहानपणीचा मधुमेह आयुष्यभर सांभाळण्याचा आजार झाला. त्याच्याही आधी, १९१८ साली, बॉस्टनचे डॉक्टर इलियट जॉस्लिन यांनी मधुमेहींसाठी एक मार्गदर्शिका काढली होती, आणि ती डॉक्टर व रुग्ण या दोघांनी मिळून वापरावी असे तिच्या शीर्षकातच म्हटले होते. तरीही मोजमापाचे साधन पुढची कित्येक दशके दवाखान्यातच राहिले. घरी लघवीतली साखर तपासता येत असे, पण तिच्यातून काही तासांपूर्वीची स्थिती कळायची. रक्तातली साखर मोजणारे पहिले यंत्र १९७० च्या सुमारास बाजारात आले. ते किलोभराहून जड होते आणि डॉक्टर व रुग्णालये यांनाच विकले जाई. रिचर्ड बर्नस्टीन या अभियंत्याला लहानपणापासून मधुमेह होता. त्याची पत्नी डॉक्टर असल्यामुळे तिच्या नावावर त्याने ते यंत्र मागवले आणि दिवसातून अनेकदा स्वतःची साखर मोजू लागला. पुढे चाळिशी उलटल्यावर वैद्यकीय शिक्षण घेऊन तो स्वतः डॉक्टर झाला. घरच्या घरी रक्तशर्करा मोजण्याच्या प्रथेचा आरंभ त्याच्यापासून सांगितला जातो, पण त्या गोष्टीतली पत्नीची सही सहसा कोणाच्या लक्षात राहत नाही.

वारंवार मोजून साखर काटेकोरपणे आटोक्यात ठेवल्याने गुंतागुंत टळते का, हा वाद १९९३ साली मिटला. अमेरिका व कॅनडातल्या १,४४१ रुग्णांवरच्या चाचणीत काटेकोर उपचार घेणाऱ्यांमध्ये डोळे, मूत्रपिंडे आणि नसा यांचे नुकसान स्पष्टपणे कमी आढळले. या निष्कर्षाचा अर्थ बहुधा ‘जास्त मोजा, जास्त इंजेक्शने घ्या’ इतकाच लावला गेला. त्या गटातल्या रुग्णांना दर महिन्याला केंद्रात बोलावले जाई आणि मधल्या काळात त्यांच्याशी वरचेवर दूरध्वनीवरून बोलणे होई, हा तपशील मागे पडला. माझ्या मते मोबाइल-आरोग्याचा खरा पूर्वज तो दूरध्वनी आहे.

‘स्वव्यवस्थापन’ ही संज्ञा या अर्थाने रुजवण्याचे श्रेय थॉमस क्रीअर यांना दिले जाते. १९६० च्या दशकात डेन्व्हर येथे दमेकरी मुलांसोबत काम करताना त्यांनी मुलांना उपचारातले सक्रिय भागीदार मानले. मानसशास्त्रज्ञ अल्बर्ट बांडुरा यांनी १९७७ मध्ये ‘हे मला जमेल’ या विश्वासाला सिद्धांताचे रूप दिले आणि केट लोरिग यांनी स्टॅनफर्डमध्ये सत्तरच्या दशकाच्या अखेरीस संधिवाताच्या रुग्णांसाठी शिकवणीचे वर्ग सुरू केले. या वर्गांचे वेगळेपण असे की ते चालवणाऱ्यांत डॉक्टरांऐवजी सामान्य माणसे होती आणि त्यांपैकी अनेकांना स्वतःलाच तो आजार होता. अभ्यासाअंती असे दिसले की सहभागींना मिळालेल्या आरामाचा संबंध त्यांनी किती व्यायाम केला याच्याशी कमी आणि त्यांचा स्वतःवरचा विश्वास किती वाढला याच्याशी अधिक होता. हा विश्वास कोठून आला? समोर बसलेल्या, तसाच आजार सोसणाऱ्या माणसाकडे पाहून तो मोठ्या प्रमाणात आला, असे मानायला जागा आहे. बांडुरा यांनीही आत्मविश्वासाच्या स्रोतांत आपल्यासारख्यांचे अनुभव पाहणे हा एक स्रोत सांगितला होता. तरी मोजपट्टी ठेवली गेली ती एकेका व्यक्तीच्या मनावरच. व्यक्तीभोवतीच्या संबंधांचे मोजमाप करण्याची साधने तोवर दुसऱ्याच विद्याशाखेत तयार होत होती.

जाळ्यांच्या गणिताची सुरुवात १७३६ साली गणिती ऑयलरने सोडवलेल्या क्योनिग्सबर्ग शहरातल्या सात पुलांच्या कोड्यापासून (प्रत्येक पूल एकदाच ओलांडून फिरता येईल का?) धरतात. माणसांच्या संबंधांना ते लावले मनोविकारतज्ज्ञ याकोब मोरेनो यांनी. १९३२ मध्ये न्यूयॉर्क राज्यातल्या हडसन येथील मुलींच्या सुधारगृहातून दोन आठवड्यांत चौदा मुली पळाल्या. मोरेनो आणि हेलन जेनिंग्स यांनी तिथल्या मुलींच्या परस्परांविषयीच्या पसंती-नापसंतीचे नकाशे काढले आणि पळून जाण्याची ही लाट मुलींच्या स्वभावापेक्षा त्या नकाशातल्या त्यांच्या स्थानावरून अधिक समजते, असे दाखवले. १९७३ मध्ये समाजशास्त्रज्ञ मार्क ग्रॅनोव्हेटर यांनी सैल संबंधांचे सामर्थ्य मांडले. जवळची माणसे आपल्याला जे ठाऊक तेच जाणतात, नवी माहिती येते ती तोंडओळखीच्या माणसांकडून, असा त्यांच्या मांडणीचा गाभा होता.

आरोग्याशी या विचाराची पहिली ठोस गाठ १९७९ साली पडली. लिसा बर्कमन आणि लिओनार्ड साइम यांनी कॅलिफोर्नियातल्या अलामीडा काउंटीतील सुमारे सात हजार प्रौढांचा नऊ वर्षांचा मागोवा प्रसिद्ध केला. ज्यांचे संबंध सर्वांत कमी होते त्यांच्यात मृत्यूचे प्रमाण, वयाचा फरक जमेस धरूनही, सर्वाधिक संबंध असलेल्यांच्या तुलनेत पुरुषांमध्ये २.३ पट आणि स्त्रियांमध्ये २.८ पट होते. पण ही मोजणी होती संबंधांच्या संख्येची. ती माणसे एकमेकांशी कशी जोडलेली आहेत, हे त्यात नव्हते.

ती उणीव २००७ मध्ये निकोलस क्रिस्टाकिस व जेम्स फाउलर यांच्या लठ्ठपणावरच्या निबंधाने भरून काढली, आणि एक मोठा वादही उभा केला. अमेरिकेतल्या फ्रेमिंगहॅम गावात १९४८ पासून चाललेल्या हृदयअभ्यासात पुढच्या तपासणीच्या वेळी माणूस सापडावा म्हणून प्रत्येकाच्या नातलगांची आणि एखाद्या जवळच्या मित्राची नावे टिपून ठेवलेली होती. निव्वळ कार्यालयीन सोय म्हणून लिहिलेल्या या चिठ्ठ्यांतून १२,०६७ लोकांचे १९७१ ते २००३ या काळातले जाळे उभे राहिले. मित्र लठ्ठ झाला तर आपण लठ्ठ होण्याची शक्यता ५७ टक्क्यांनी वाढते, असा निष्कर्ष त्यातून निघाला. आक्षेपही लगेच आले. २००८ मध्ये दोन अर्थतज्ज्ञांनी तशाच पद्धतीने मुरुमे, डोकेदुखी आणि चक्क उंचीसुद्धा मित्रांमध्ये ‘पसरते’ असे काढून दाखवले. ‘समानशीलव्यसनेषु सख्यम्’ हे सुभाषित ज्यांना ठाऊक आहे त्यांना यातली अडचण समजावून सांगावी लागणार नाही. सारख्या सवयींची माणसे मित्र होतात की मित्र झाल्यामुळे सवयी सारख्या होतात, हे केवळ निरीक्षणावरून वेगळे काढता येत नाही, असे कॉस्मा शालिझी आणि अँड्र्यू थॉमस यांनी २०११ मध्ये गणिताने मांडले.

या कोंडीतून मार्ग काढायचा तर संबंधांची रचना संशोधकाने स्वतः ठरवायला हवी होती. डेमन सेंटोला यांनी २०१० मध्ये तसे केले. इंटरनेटवर १,५२८ लोकांना अनोळखी ‘आरोग्यमित्र’ जोडून देताना त्यांनी काही जाळ्यांत शेजाऱ्यांचे शेजारीही एकमेकांना जोडलेले ठेवले आणि काहींत दुवे विस्कटून टाकले. सैल, दूरवरचे दुवे वेगवान असतात हा प्रस्थापित समज होता. प्रत्यक्षात घट्ट गुंफलेल्या जाळ्यांत नवे वर्तन सुमारे ५४ टक्के लोकांपर्यंत पोहोचले आणि विस्कटलेल्या जाळ्यांत ३८ टक्क्यांपर्यंतच. बातमी एकाच माणसाकडून कळली तरी पुरते. सवय बदलायला मात्र एकाहून अधिक ओळखींकडून तीच गोष्ट पुन्हा दिसावी लागते. आजाराच्या व्यवस्थापनात माहितीचा तुटवडा क्वचित असतो आणि सवयीचा नेहमी, हे लक्षात घेतले तर या प्रयोगाचे वजन कळते.

इकडे मोबाइलची वाट स्वतंत्रपणे चालली होती. पहिला एसएमएस ३ डिसेंबर १९९२ रोजी इंग्लंडमध्ये पाठवला गेला आणि पुढच्या दहा-बारा वर्षांत संशोधक त्याकडे उपचाराचे साधन म्हणून पाहू लागले. २००६ मध्ये स्कॉटलंडमधल्या डंडी येथील ‘स्वीट टॉक’ चाचणीत मधुमेही मुलांना त्यांच्या उद्दिष्टांनुसार रोज संदेश जात. त्यांचा आत्मविश्वास वाढला, पण रक्तशर्करेत सुधारणा दिसली ती संदेशांच्या जोडीला काटेकोर इन्सुलिन-उपचार घेणाऱ्यांतच. सिडनीतल्या ‘टेक्स्ट मी’ चाचणीत हृदयरोगाच्या ७१० रुग्णांना सहा महिने आठवड्याला चार संदेश पाठवल्यावर कोलेस्टेरॉल व रक्तदाब कमी झाल्याचे २०१५ मध्ये नोंदवले गेले. मधल्या काळात, २००८ पासून, अ‍ॅपची दुकाने उघडली होती आणि आरोग्यविषयक अ‍ॅपचा पूर आला होता. त्यांपैकी बहुतेकांची रचना एकच होती : रुग्णाने आकडा भरायचा, यंत्राने आलेख काढायचा आणि आठवणीची घंटा वाजवायची. वही बदलून पडदा आला, एवढाच फरक. अशी डिजिटल साधने बरेच लोक मध्येच सोडून देतात, हे अ‍ॅप येण्याआधीच गुंथर आयझेनबाख यांनी २००५ मध्येच ‘गळतीचा नियम’ म्हणून सांगून ठेवले होते.

या सगळ्यांत केनियातली एक चाचणी मला सर्वांत बोलकी वाटते. एचआयव्हीवरील औषधे सुरू झाल्याने तोही आता आयुष्यभर सांभाळण्याचा आजार झाला होता. तिथल्या ५३८ रुग्णांपैकी निम्म्यांना दर आठवड्याला दवाखान्यातून ‘मांबो?’ म्हणजे ‘कसं काय?’ एवढाच संदेश जाई. ‘सावा’, म्हणजे ठीक, किंवा ‘शिदा’, म्हणजे अडचण आहे, असे उत्तर ४८ तासांत द्यायचे. अडचण असली किंवा उत्तरच आले नाही तर परिचारिका फोन करी. गोळी घेण्याची आठवण त्या संदेशात कोठेही नव्हती. २०१० मध्ये प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षांनुसार औषधे नियमित घेणाऱ्यांचे प्रमाण या गटात ६२ टक्के आणि दुसऱ्या गटात ५० टक्के होते. घंटा वाजवण्यापेक्षा पलीकडे कोणीतरी आहे हे कळणे उपयोगी पडले, असा याचा सरळ अर्थ लागतो.

दोन्ही वाटा जुळल्याच्या खुणा त्यानंतर दिसू लागतात. मिशिगनमध्ये जॉन पिएट यांनी रुग्णाला येणाऱ्या स्वयंचलित फोनची माहिती घराबाहेर राहणाऱ्या, रुग्णानेच निवडलेल्या नातलगाला किंवा मित्रालाही पाठवण्याची पद्धत आखली. इंग्लंडमध्ये अॅन रॉजर्स आणि इवायलो वासिलेव यांनी रुग्णाला मध्यभागी ठेवून तीन वर्तुळांत त्याची माणसे मांडण्याचे साधन वापरात आणले. कोण किती जवळचे, कोण कशाला उपयोगी पडते आणि कोणाचा उलट त्रासच होतो, हे त्यावर रुग्ण स्वतः मांडतो. शेवटच्या मुद्द्याकडे पूर्वीच्या अभ्यासांनी पुरेसे पाहिले नव्हते. प्रत्येक दुवा म्हणजे आधार असे धरून चालण्याची चूक अनेक अ‍ॅपनीही केली, आणि रुग्णाचे आकडे सरसकट घरच्यांना दाखवून टोचणीची सोय करून ठेवली.

रुग्णांनी मात्र तज्ज्ञांची वाट पाहिली नाही. २०१३ मध्ये अमेरिकेत जॉन कॉस्टिक या पित्याने आपल्या लहान मुलाच्या शरीरावरील ग्लुकोज-संवेदकाचे आकडे इंटरनेटवर पाठवण्याची आज्ञावली लिहिली, म्हणजे मूल शाळेत असले तरी साखर दिसावी. इतर पालकांनी ती उचलली, सुधारली आणि ‘नाइटस्काउट’ नावाने मोकळी वाटली. ‘आम्ही वाट पाहत बसणार नाही’ हे त्या चळवळीचे घोषवाक्य झाले. नव्या कुटुंबाला यंत्रणा बसवून देण्याचे काम आधी बसवलेली कुटुंबे समाजमाध्यमांवरच्या गटांतून करीत. संवेदक बनवणाऱ्या कंपनीनेही २०१४ मध्ये आकडे दुसऱ्याच्या फोनवर दाखवण्याची मान्यताप्राप्त सोय आणली आणि सुरुवातीला एका रुग्णामागे पाच जणांची मर्यादा ठेवली. त्या पाचांत कोणाला घ्यायचे आणि कोणाला गाढ झोपेतही कोणत्या आकड्यावर उठवायचे, हे फोनच्या सेटिंगमध्ये ठरू लागले. आणि मूल मोठे झाल्यावर ते सेटिंग आई-वडिलांच्या हातून त्याच्या हाती कधी द्यायचे, यावर आजही घरोघरी तहाच्या वाटाघाटी चालतात.